'अर्र' कुठल्या रकान्यात लिहायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पुण्याला लेकाकडे गेले होते तेव्हाची गोष्ट आहे. नातू चार वर्षांचा. सकाळी दुधाचा कप स्वतः हातात घेऊन हॉलमधे येत होता, चटईला पाय अडखळला आणि अर्धं दूध फरशीवर. मी म्हणाले "अर्र", सून आतून म्हणाली "अवं माय!" (ती मूळची वर्ध्याची), लेक लॅपटॉपमधून मान वर न काढता "झालं!" म्हणाला, आणि नातू आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत म्हणाला "ऊप्स". एका कपाला चार शब्द, आणि चारही जणांना एकमेकांचं बरोब्बर कळलं. मी ते दूध पुसलं पण डोक्यातून ते चार शब्द काही गेले नाहीत, म्हणून हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मराठी शिकवलं. केवलप्रयोगी अव्ययं दरवर्षी शिकवली, पोरांकडून पाठ करून घेतली. हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, प्रशंसादर्शक, संमतिदर्शक, विरोधदर्शक, तिरस्कारदर्शक, संबोधनदर्शक, मौनदर्शक. नऊ प्रकार, प्रत्येकाला दोन दोन उदाहरणं, परीक्षेत हमखास जोड्या लावा. आणि इतक्या वर्षांत एकदाही माझ्या लक्षात आलं नाही की माणूस दिवसातून सगळ्यात जास्त वेळा जे उद्गार काढतो, म्हणजे चहा सांडला, किल्ली विसरली, मेसेज भलत्याच ग्रुपवर गेला, आमटीत मीठ दोनदा पडलं, त्या उद्गारांना या नऊ रकान्यांत जागाच नाहीये. 'अर्र' कशात टाकायचं? शोक म्हणावा तर कुणी गेलेलं नाही, आश्चर्य म्हणावं तर कप हातातून पडतो यात नवल काय, आणि तिरस्कार तर अजिबातच नाही. गाईडांमधे 'अरेच्चा' आश्चर्यदर्शकात टाकलेलं असतं. पण चष्मा घरभर शोधून शेवटी तो डोक्यावरच सापडला की आपण "अरेच्चा!" म्हणतो, त्यात आश्चर्यापेक्षा आपली चूक आपल्यालाच सापडल्याची कबुली जास्त असते, नाही का?

नुसतं 'अरे' घेऊन बसा, तासभर पुरेल. कप कलंडतोय, अजून पडलेला नाही, तेव्हा आपण म्हणतो "अरे अरे अरे अरे", पटपट, कारण अजून वाचवता येईल अशी आशा असते. पडला की "अर्रर्र", तिथे जीभ थरथरते आणि आवाज खाली येतो, म्हणजे आता हातात काही राहिलं नाही. मग ज्याचा कप होता त्याचं तोंड बघून "अरेरे". आणि थोड्या वेळाने कळलं की कप रिकामाच होता तर "अरेच्चा". एकाच दोन अक्षरी शब्दातून पडण्याच्या आधीचं, पडतानाचं आणि पडून गेल्यानंतरचं सगळं निघतं, फक्त र किती लांबवायचा आणि आवाज कुठे टाकायचा यावर. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं पण चुकून कधी कुणी कप कलंडत असताना "अरेरे" म्हणत नाही.

"झालं!" चं तर वेगळंच. ते पडल्यानंतरच म्हणायचं आणि बहुतेक दुसऱ्याच्या चुकीला म्हणायचं, त्यात "मला माहीतच होतं" असा एक सूर असतो. "घ्या!" तसंच, पण घ्या मधे बाकीच्यांनाही बोलावून दाखवणं असतं. "श्या" मात्र स्वतःच्याच चुकीला. पेपर देऊन बाहेर आल्यावर आठवलेल्या उत्तराला श्या, सुटलेल्या बसला श्या, तिथे "अर्र" म्हणून भागत नाही. "अय्या" मधे थोडी लाज आहे, आणि पाहुण्यांसमोर चूक झाली की ती बरोबर बाहेर येते, एकटी असताना मी कधी अय्या म्हटल्याचं मला आठवत नाही.

यावरून एक मुद्दा. आपल्याला वाटतं हे उद्गार आपण स्वतःशी काढतो, आपोआप तोंडातून जातात. अमेरिकेत अर्विंग गॉफमन म्हणून एक समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७८ मधे नेमकं यावरच लिहिलं होतं आणि त्यात 'ऊप्स' चा विचार केलाय. त्यांचं म्हणणं साधारण असं की हा उद्गार स्वतःशी काढल्यासारखा दिसतो पण तो असतो आजूबाजूच्यांसाठी. माझा ताबा क्षणभर सुटला खरा, पण माझं लक्ष आहे, मला ते कळलंय, आणि झालं ते फार मोठं नाही, एवढं सगळं तो माणूस एका आवाजात कळवून टाकतो. मला हे वाचल्यावर एकदम पटलं. बाजारात चालताना ठेचकाळून पडता पडता सावरलेला माणूस बघा, आजूबाजूला ओळखीचं कुणी नसतं तरी काहीतरी पुटपुटतोच, आणि मग मागे वळून त्या दगडाकडे बघतो.

आणि उलट बाजूही खरी आहे. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याने असा उद्गार काढला की "फार मोठं नाही" हा अर्थ पार उडून जातो. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासायला एका लॅबमधे गेले होते, तिथल्या मुलाने सुई घातली, शीर सापडली नाही, आणि तो हळूच म्हणाला "श्या". बास. त्या क्षणापासून मला घाम. सुई दुखली नव्हती, शब्दच टोचला. त्याने काहीच न बोलता दुसरा हात मागितला असता तर मला कळलंही नसतं. एकदा घाटात एस.टी.च्या ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले होते, ड्रायव्हर "अर्र" म्हणाले आणि माझ्या शेजारच्या बाईंनी आडवा दांडा घट्ट धरला. त्यांचा फक्त डबा कलंडला होता. डॉक्टर, नर्स, केस कापणारे, ड्रायव्हर, यांना हे शब्द गिळायची सवय करावी लागते आणि नवीन माणसाला ती हळूहळूच लागते, हे मला समजतं. त्या मुलाला मी काही बोलले नाही. पण तसल्या ट्रेनिंगमधे याचा एक धडा असावा असं मला मनापासून वाटतं.

आता शाळेतलं सांगते, कारण माझ्यासाठी खरा विषय तोच आहे. मराठीत चूक झाल्यावर जे क्रियापद येतं त्यात एक 'स' लपलेला असतो. "सांडलं" म्हणा, दूध सांडलं, कुणी सांडलं ते कुणी विचारलेलं नाही. "सांडलंस" म्हणा, की त्या एका स ने बोट थेट समोरच्याकडे. "बाटली फुटली" आणि "बाटली फोडलीस" तेच. आपल्याकडे तर "माझ्या हातून फुटली", "माझ्याकडून राहिलं" असंही बोलता येतं, म्हणजे चूक मान्य आहे पण हेतू नव्हता हे वाक्याच्या बांधणीतच येऊन जातं, वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. मला ही आपल्या भाषेची फार मोठी श्रीमंती वाटते.

माझ्या पहिल्या शाळेत पहिलीतल्या एका मुलाकडून पाण्याची बाटली हजेरीच्या वहीवर उलटली. शाई पसरली, दोन महिन्यांची हजेरी गेली. तेव्हाचे एक गुरुजी दारातूनच ओरडले, "सांडलंस? सांडलंस ना?" तो मुलगा त्या दिवशी घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही, त्याच्या आईला जाऊन समजवावं लागलं. त्याच शाळेत माझ्याहून सिनियर एक बाई होत्या, त्यांच्या वर्गात काहीही पडलं, फुटलं, सांडलं की त्या पहिल्यांदा म्हणायच्या "अर्र, सांडलं वाटतं", आणि मग "फडकं कुठाय?" बस एवढंच. त्यांच्या वर्गातली पोरं स्वतः फडकं घेऊन धावायची. मी नवीन होते, मला वाटायचं बाई फार मऊ आहेत. पुढे माझा स्वतःचा वर्ग आल्यावर कळलं की त्यांच्या वर्गात कुणी चूक लपवायचं नाही, आणि माझ्या वर्गात लपवायचे. तेव्हापासून मी ठरवून "अर्र" म्हणायला लागले. सुरवातीला ते ओढूनताणून यायचं, मग अंगवळणी पडलं.

अगदी लहान पोरांसाठी तर आपल्याकडे किती छान सोय आहे. मूल पडलं की "मुंगी मेली, मुंगी मेली बघ!" म्हणायचं, मूल रडायचं विसरून खाली मुंगी शोधायला लागतं. (एक मुलगी मात्र मुंगीसाठीच रडली होती, तिला पुढे कधी तसं म्हटलं नाही.) दुसरी पद्धत म्हणजे फरशीला चापट मारून "हात् त्या फरशीची" म्हणायचं. ती मला पटत नाही. लेकाच्या घरी मी ती बंद करायला लावली आहे. पडलो आपण आणि मार फरशीला, हे मुलाच्या डोक्यात का घालायचं? मुंगी मेली मधे दोष कुणालाच नाही, तेच बरं.

'हात्तिच्या' पण याच घरातलं. 'हात्' आणि 'तिच्या' असा फोडला की पुढचा शब्द गिळलेला आहे हे दिसतं, आणि तो काय असेल ते सगळ्यांना कळतं. च्यायला, आयला, हायला, सगळीकडे आईच मधे येते, आणि चूक असते आपल्या हातून सुटलेल्या स्क्रूची. हे शब्द आता इतके घासले गेलेत की म्हणणाऱ्याच्या मनात शिवी नसते हे मला मान्य आहे. कॉलेजच्या मुलीही सहज च्यायला म्हणतात आणि मी त्यांना टोकत नाही. पण हात्तिच्या मधे तो शब्द गिळायची जी काळजी कुणीतरी पिढ्यांपूर्वी घेतली ती मला फार आवडते, म्हणून मी स्वतः हात्तिच्याच वापरते.

गावोगावी तर विचारूच नका. सुनेच्या माहेरी "बाप्पा!" म्हणतात, त्यात गणपती येतो का वडील येतात कोण जाणे, तिच्या आईंना विचारलं तर म्हणाल्या दोघंही. कोल्हापूरकडे "आगागागा", ते मोठ्या नुकसानाला. माझी मावसबहीण कोकणात दिली आहे, ती "गे बाये" म्हणते, फणस पडून फुटला तरी आणि सुई टोचली तरी. गोव्यात "सायबा भोगोस" म्हणतात, म्हणजे देवा क्षमा कर. देवाला हाक तर सगळीकडेच, अरे देवा, रामा, पांडुरंगा, विठ्ठला. माझी आजी वाढताना तूप खाली पडलं की "असूदे, कृष्णार्पण" म्हणायची. तूप तेव्हा महाग होतं आणि आजी काटकसरी होती, पण पडलेल्या तुपाला तिने कधी "श्या" केलं नाही.

आणि जिथे उद्गार काढायचाच नसतो अशाही जागा आहेत. बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, "वाढवली" म्हणायचं. तिथे अर्र म्हणणारी सून नवीन असली की घरातली मोठी बाई लगेच "वाढवली म्हण गं" असं हळूच सांगते. कुणाला पाय लागला तर शब्दच नाही, वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला. पुस्तकाला पाय लागला तरी तेच. जीभ दातांत धरणं, कपाळावर हात मारणं, कान पकडणं, ही सगळी बिनशब्दाची केवलप्रयोगी अव्ययंच म्हणायची. आणि ते "च्च"! एकदा केलं तर वैताग किंवा नकार, तीनदा केलं तर कीव. ते नीट लिहायला आपल्या बाराखडीत अक्षर नाही. दामल्यांचं मोठं व्याकरण १९११ सालचं, तेव्हापासून एवढं सगळं लिहिलं गेलं, पण ह्या च्च ला अजून धड स्पेलिंग मिळालेलं नाही.

लेखी चुकीसाठीही आपल्याकडे शब्द होता. व्यापाऱ्यांच्या बिलाखाली "चू.भू.दे.घे." लिहिलेलं असायचं, चूकभूल देणे घेणे. आता पोरं मोबाईलवर "चुभूद्याघ्या" असं एका दमात टाइप करतात ते बघून मला खरंच आनंद होतो, जुना शब्द नव्या बोटांनी जगवला. यात देणं आणि घेणं दोन्ही आहे, म्हणजे चूक तुमची असेल तर आम्ही पोटात घालू आणि आमची असेल तर तुम्ही घाला. सॉरीमधे हे दोन्ही बाजूंचं काही नाहीये.

माझ्या नातवाच्या ऊप्स वर माझा राग नाही हे स्पष्ट सांगते. त्याने ते अगदी योग्य जागी वापरलं, टोनही बरोबर होता. मला खटकतं ते हे की त्याच्याकडे तो एकच आहे. दूध सांडलं ऊप्स, खेळणं मोडलं ऊप्स, आजीचा चष्मा पायाखाली आला तरी ऊप्स. थोडा मोठा झाला की शाळेतून "शिट" येईल, ते म्हणजे काय ते कळत नसताना पोरं आजी आजोबांसमोर बिनधास्त म्हणतात. आम्ही दोन आठवडे एक खेळ केला. घरात काही पडलं की प्रत्येकाने आपापल्या गावचा शब्द म्हणायचा. आता तो कप पडायच्या आधी "अरे अरे अरे" म्हणतो आणि पडल्यावर "अवं माय". ऊप्स पण म्हणतोच. चालेल की.

इंग्रजीवाले आपले असले शब्द किती मन लावून जपतात बघा. त्यांच्या एका कार्टून मालिकेतला बाप स्वतःच्या मूर्खपणावर "डोह" म्हणतो, तो उद्गार २००१ मधे ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत रीतसर नोंदला गेला. आपल्याकडे मोल्सवर्थ साहेबाच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, त्यासाठी शास्त्रीमंडळींना बसवून लोकांच्या तोंडचे शब्द गोळा केले होते. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे आणि अर्र, आगागागा, अवं माय यांच्यात नेमका फरक काय हे एका जागी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले, मीही वाटले. जुन्या ग्रंथांचं काम व्हायलाच हवं. पण आज बोलली जाणारी भाषा पण कुणीतरी लिहून ठेवायला हवी ना, आमची पिढी गेली की आजीचं ते "कृष्णार्पण" कुठल्या आवाजात म्हणायचं हे कोण सांगणार?

म्हणून दोन विनंत्या. एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांना. त्या नऊ प्रकारांत दहावा घाला, चूकदर्शक म्हणा किंवा दुसरं चांगलं नाव द्या, आणि त्याची उदाहरणं पोरांनाच घरून आणायला सांगा. पाठांतराचा सगळ्यात कंटाळवाणा धडा पोरं सगळ्यात जास्त आवडीने करतील, ३४ वर्षांच्या अनुभवावरून सांगते. दुसरी विनंती तुम्हाला. २७ फेब्रुवारीला भाषा गौरव दिनाची पुरवणी तुम्ही काढताच, त्यात अर्धं पान याला द्या. वाचकांना आपापल्या घरचे शब्द पाठवायला सांगा, कुठल्या गावचा, बाईमाणसाच्या तोंडचा का पुरुषाच्या, स्वतःच्या चुकीला म्हणतात का दुसऱ्याच्या. माझ्या वहीत आत्तापर्यंत ४१ झालेत, ते मी लगेच द्यायला तयार आहे. फक्त नुसता शब्द लिहून पाठवू नका म्हणावं. त्या वेळी नेमकं काय सांडलं होतं तेही लिहा.

आपली एक वाचक,
निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा